भिजणार तर आहेसच, वाळवणार कुठे?

‘मावशी, नमस्कार. मी मूळची पाटण तालुक्यातली. दोन वर्षांपासून नोकरीसाठी ग्लासगोत आहे. सह्याद्रीत भटकायची सवय, म्हणून इथेही सुट्टीला डोंगर गाठते. आल्याआल्या भरपूर पैसे मोजून वॉटरप्रूफ जॅकेट घेतलं होतं. पहिलं वर्ष छान गेलं. आता तासाभरात आतून ओलीचिंब होते आणि जरा थांबलं की हुडहुडी भरते. ऑफिसात साठीचे एक सहकारी आहेत. ते त्याच पावसात जुनं ट्वीडचं जॅकेट घालून फिरतात आणि म्हणतात, लोकर ओली झाली तरी ऊब देते. मला आमचे आजोबा आठवले. आषाढ-श्रावणात घोंगडीची खोळ घेऊन दिवसभर गुरांमागे असायचे, कधी सर्दी झालेली पाहिली नाही. तर लोकरीचं जॅकेट घेऊ का? घेतलं तर कोणतं? एप्रिलमध्ये वेस्ट हायलँड वे ही इथली लांब पल्ल्याची पायवाट चालायचा बेत आहे. आणि हसू नका, पण आजोबांची घोंगडी गावी पेटीत पडून आहे. तिचंच जॅकेट शिवून घेतलं तर?
– चिंब, ग्लासगो’

प्रिय चिंब,

मावशी म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंवर येते. हसले मुळीच नाही. पण घोंगडीचं शेवटी बोलू, कारण ते उत्तर तुला आवडणार नाही आणि तू पत्र अर्ध्यात खाली ठेवशील.

आधी एक पैसाही खर्च करू नकोस. तुझं जॅकेट बिघडलेलं नाही, मळलेलं आहे. अशा जॅकेटच्या बाहेरच्या कापडाला एक लेप दिलेला असतो, पाणी अळूच्या पानावरच्यासारखं थेंब थेंब होऊन ओघळावं म्हणून. वर्षभर सॅकचे पट्टे घासले, घाम लागला, धूळ बसली, एखाद्या वेळी घरच्या साबणात धुतलं गेलं की तो लेप जातो. मग बाहेरचं कापड पाणी पिऊन बसतं. आतला पातळ पडदा पाणी आत येऊ देत नाही, तो आपलं काम इमानाने करत असतो. पण बाहेर ओला बोळा बसल्यावर तुझ्या घामाच्या वाफेला बाहेर पडायची वाट उरत नाही. ती आतल्या आत थंड होते आणि तिचं पाणी होतं. तुला वाटतं जॅकेट गळतंय. जॅकेट गळत नाहीये गं, तूच गळते आहेस.

डोंगराचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात अशा कापडाचा वेगळा द्रव साबण आणि लेप पुन्हा चढवायचं औषध मिळतं. आत शिवलेली चिठ्ठी वाचून त्याप्रमाणे धू. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी मशीनच्या आसपासही आणू नकोस. चिठ्ठीवर परवानगी असेल तर शेवटी ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरव, लेप उष्णतेने पुन्हा जागा होतो. मग नळाखाली धरून बघ. थेंब उभे राहिले की झालं काम.

दुसरी गोष्ट. तू आत काय घालतेस ते लिहिलंच नाहीस, आणि खरं म्हणजे मला तोच पहिला प्रश्न विचारायचा होता. माझा अंदाज सांगू? सुती टी-शर्ट. आपल्याला लहानपणापासून ‘अंगाला सुती हवं’ हे दुधातून पाजलेलं असतं, आणि पाटणच्या मे महिन्यात ते शंभर टक्के खरं आहे. सूत घाम शोषतं, हवेवर तो वाळतो, वाळताना अंग गार करतो. ग्लासगोत चार अंशांत नेमकं हेच नको असतं. शून्य ते दहा अंश, पाऊस आणि वारा, हे त्रिकूट कोरड्या बर्फापेक्षा जास्त घातक असतं, कारण बर्फ झटकता येतो. सुती कापड ओलं झालं की चपटं होऊन अंगाला चिकटतं आणि वारा उरलीसुरली ऊब काढून नेतो. जीन्सचंही तेच. चालताना पाय अडखळायला लागले, बोलताना जीभ जड झाली, सोबतीण नीट उत्तर देईनाशी झाली, तर ती अंग फार गारठल्याची खूण, तिथून पुढचा कार्यक्रम रद्द. आडोसा गाठायचा, ओलं काढायचं, कोरडं घालायचं, गोड गरम काहीतरी पाजायचं आणि खाली उतरायचं.

म्हणून लोकरीवर पैसे घालायचेच असतील तर पहिले पैसे अंगालगतच्या थरावर घाल. पातळ मेरिनो लोकरीची पूर्ण बाह्यांची बनियन. टोचेल ही भीती काढून टाक. लोकर टोचते ती तिच्या जाडीमुळे. तंतू साधारण तीस मायक्रॉनच्या वर गेला की त्याची टोकं कातडीला खुपतात. मेरिनो अठरा-एकोणीस मायक्रॉनची असते, टोकं वाकतात, खुपत नाहीत. दोन बनियनी घे, एक अंगात आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत. चार दिवस घातली तरी वास मारत नाही, हा तिचा आणखी एक गुण, आणि तंबूतल्या सोबत्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा.

आता तुझ्या ट्वीडवाल्या सहकाऱ्यांकडे येऊ.

मी इचलकरंजीला कापडाचं शिक्षण घेतलं आणि पुढची दोन वर्षं स्कॉटलंडच्या दक्षिणेला गॅलाशील्समध्ये काढली. लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव. जवळून ट्वीड नदी जाते, पण कापडाचं नाव नदीवरून पडलेलं नाही. ‘ट्वील’ म्हणजे तिरप्या विणीचं कापड, लंडनच्या कुणा व्यापाऱ्याने ते चुकून ‘ट्वीड’ वाचलं, असं तिथे सांगतात. गावकऱ्यांनी चूक दुरुस्त केली नाही, नदीचं नाव खपायला बरं पडलं असणार. असो. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी धर्मादाय दुकानातून एक जाडजूड लोकरी ओव्हरकोट घेतला, गुडघ्यापर्यंतचा, गडद निळा. मेल्टनचा. मेल्टन म्हणजे गरम पाण्यात मळून इतकं घट्ट केलेलं आणि वरून कातरून गुळगुळीत केलेलं कापड की वीण दिसतही नाही. गावात हिंडताना मी राणीसारखी वाटायची. रिमझिम पडायची, मी घरी येऊन कोट झटकायचे, आत कोरडी ठणठणीत.

मग एका रविवारी तोच कोट घालून मेलरोजजवळच्या ईल्डन टेकड्यांवर गेले. तीन टेकड्या, सर्वांत उंच जेमतेम ४२२ मीटर. आपल्याकडे अशाला कुणी टेकडीही म्हणणार नाही. निघताना भुरभुर होती, अर्ध्या वाटेत संततधार सुरू झाली. पहिला तास कोट लढला. दुसऱ्या तासाला खांद्यांनी हार मानली. पाणी आत आलं, पण त्याहून वाईट म्हणजे कोटातच राहिलं. बाह्यांतून खाली उतरून मनगटावर साचायला लागलं, हातमोज्यांत शिरलं. कोटाचं वजन जवळजवळ दुप्पट झालं होतं, ओला घेर प्रत्येक पावलाला गुडघ्यांत अडकत होता. मी गारठून मेले नाही, हे खरं. कोटाच्या आत एक बोचरी, दमट, शेळीच्या गोठ्यासारखी ऊब टिकून होती. पण घरी आल्यावर तो कोट वाळायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत माझ्याकडे घालायला दुसरं काही नव्हतं.

लोकरीची सगळी कथा या एका कोटात आली. तुझ्या सहकाऱ्यांचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे.

लोकरीच्या तंतूला दोन स्वभाव असतात. वरची साल खवल्यांची, आणि त्या खवल्यांवर स्निग्धाचा अतिशय पातळ थर, म्हणून पाण्याचा थेंब पटकन आत शिरत नाही, वर बसून राहतो. आतला गाभा मात्र वाफेचा भुकेला. आपल्या वजनाच्या तीसेक टक्के पाणी तो वाफेच्या रूपात पोटात घेतो आणि हाताला तरीही कोरडा लागतो. पॉलिएस्टर साध्या हवेत एक टक्काही घेत नाही. गंमत म्हणजे वाफ आत मुरताना तंतू थोडी उष्णता बाहेर टाकतो. उबदार कोरड्या घरातून तू दमट गार रस्त्यावर आलीस की पहिला चटका बोथट होतो, तो यामुळे. पण ही पुंजी एकदाच खर्च होते. तंतू तुडुंब झाला की संपली, आणि वाळताना तेवढीच उष्णता तो परत मागून घेतो, ती तुझ्या अंगातून.

ऊब टिकायचं दुसरं कारण जास्त भरवशाचं आहे. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, तारेच्या स्प्रिंगसारखा. ओला झाला तरी तो बऱ्यापैकी ताठ राहतो, त्याच्या मधल्या पोकळ्या पूर्ण मिटत नाहीत, आणि ऊब ही त्या पोकळ्यांतल्या हवेचीच असते. पिसांचं जॅकेट भिजलं की पिसांच्या गुठळ्या होतात आणि हातात नुसती पिशवी उरते. तेव्हा ओली लोकर ही ओल्या सुतापेक्षा आणि ओल्या पिसांपेक्षा पुष्कळ बरी. कोरड्या लोकरीपेक्षा मात्र वाईटच. हा दुसरा भाग ट्वीडवाले सांगत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये पावसाला जितकी नावं आहेत तितकी आपल्याकडेही आहेत, आणि कपडा निवडायला ती फार उपयोगी पडतात. तिथले लोक ‘स्मर’ म्हणतात तो आपला भुरभुर पाऊस. पडतोय की तरंगतोय कळत नाही, केसांवर दवासारखा बसतो. लोकरीचं जॅकेट जन्मलंय ते यासाठी. थेंब रोंवांवर अडकतात, झटकले की गेले. आणि वॉटरप्रूफमध्ये होतो तसा आत घाम साचत नाही, कारण लोकर वाफ घेते आणि सावकाश बाहेर सोडते. दोन-तीन तासांची रिमझिमसुद्धा चांगलं घट्ट ट्वीड निभावून नेतं. संततधारेत मात्र त्याची मुदत ठरलेली असते. आणि तिकडे पाऊस आडवा येतो, वाऱ्याबरोबर, तेव्हा कितीही घट्ट लोकर असो, तिच्यावर वारा अडवणारं दुसरं काहीतरी लागतं.

हे काही नव्या जमान्याचं ज्ञान नव्हे. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर हरवला आणि १९९९ मध्ये त्याचा देह सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक थर होते, आणि सगळ्यांवर घट्ट विणीच्या गॅबर्डिनचं जॅकेट. ते लोक बर्फात लोकर घालून गेले असं आपण म्हणतो, पण सर्वांत बाहेर त्यांनीही लोकर ठेवली नव्हती.

तुझ्या सहकाऱ्यांच्या पाठपिशवीत काय असतं ते एकदा विचार. तळाशी घडी करून ठेवलेला पातळ रेनकोट निघेल, पैज लावते. आणि नाही निघाला, तर ते आकाश बघून निघत असणार, हळू चालत असणार आणि चारच्या आत घरी परतत असणार. डिसेंबरात तिथे पावणेचारला सूर्य मावळतो, दुसरा इलाज नसतो.

तर जॅकेट घे. जरूर घे. ग्लासगोतल्या रोजच्या येण्याजाण्यासाठी, बसथांब्यासाठी, तळ्याकाठच्या आणि रानातल्या अर्ध्या दिवसाच्या फिरतीसाठी. त्यात तू प्लास्टिकच्या पिशवीत बसल्यासारखी दिसणार नाहीस, चालताना सळसळ आवाज येणार नाही, आणि शेकोटीची ठिणगी उडाली तर भोक पडणार नाही, कारण लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

नवं घेऊ नकोस. ग्लासगोत धर्मादाय दुकानं पावलापावलाला आहेत आणि कुणा ना कुणा आजोबांचं जॅकेट तिथे टांगलेलं असतंच. पुरुषांच्या विभागातही बघ, बायकांच्या जॅकेटांत कंबर आवळायच्या नादात आत स्वेटर मावत नाही. हॅरिस ट्वीड हाती लागलं तर सोडू नकोस. त्या नावाला १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे: लोकर स्कॉटलंडच्या वायव्येच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घरी हाताने विणलेलं हवं. माग पायाने चालवतात, विजेवर नाही. आतल्या चिठ्ठीवर गोल आणि त्यावर क्रॉस असा शिक्का दिसेल. चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे ग्रॅमचं कापड, म्हणजे आपल्या शर्टाच्या तिपटी-चौपटीने जड.

विणून झाल्यावर ते कापड मळतात, आणि खरी जादू तिथे होते. गरम पाणी, साबण आणि मार. खवले एकमेकांत अडकतात, कापड आकसतं, जाड होतं, विणीतली भोकं बुजतात. गिरण्या यायच्या आधी बेटांवरच्या बायका लांब टेबलाभोवती बसून ओलं कापड आपटत आपटत एकीकडून दुसरीकडे सरकवायच्या आणि त्या ठेक्यावर गाणी म्हणायच्या. मी त्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जात्यावरच बसल्यासारखं वाटलं. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. भाषा गेलिक, अक्षर कळलं नाही, पण काम कुठवर आलंय ते कळत होतं.

दुकानात कापड पारखायचं ते असं. जॅकेट उजेडासमोर धर. ठिपक्याठिपक्यांनी उजेड आला तर वारा आणि पाणीही येईल, ठेवून दे. मुठीत आवळून सोड. सुरकुती राहिली तर भेसळ जास्त. चिठ्ठीवर लोकर ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर तो नुसता लोकरीचा भास आहे, आणि हल्ली मोठ्या दुकानांतून ‘वूल कोट’ म्हणून टांगलेले अर्धे-अधिक कोट या भासातच मोडतात. पाण्याच्या बाटलीतले चार थेंब बाहीवर टाक (दुकानदाराची नजर चुकवून म्हणत नाही, विचारून टाक). दोन मिनिटं उभे राहिले तर कापडात अजून जीव आहे. कॉलर उभी करून गळ्याशी बटण लागतं का पाहा, जुन्या शेतातल्या-शिकारीच्या जॅकेटांना तेवढ्यासाठी एक लहान पट्टी असते. लांबी बसकणीच्या खाली यायला हवी, नाहीतर ओल्या दगडावर बसताना कळेल. काखेत आणि कॉलरखाली बारीक भोकं दिसली तर ती कसरीची, लोकर खाणाऱ्या किडीची.

जुनी लोकर घरी आणलीस की ती आणि तिचे पाहुणे एकदमच येतात, हे धरून चाल. पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेव. अळ्या-अंडी मरतात. मग बाहेर काढून ब्रशने झाड.

पण त्याच्याही आधी, घरात कोट वाळवायला जागा आहे का ते बघ. ग्लासगोच्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात टॉवेल दोन दिवस दमट राहतो. ओलं जॅकेट रेडिएटरवर टाकायचं नाही, कापड कडक होतं आणि शिवणीशी ओढलं जातं. रुंद खांद्याच्या हँगरवर, रेडिएटरपासून हातभर लांब, खाली जुना टॉवेल, खिशांत वर्तमानपत्राचे बोळे. धुवायचं वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी, तेही कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाने. अस्तर असलेलं जॅकेट तर घरी धुऊच नकोस, ओल्या फडक्याने डाग पुसायचा. मशीनची हौस मीही एकदा भागवून घेतली आहे. चाळीस अंशांवर टाकलेला माझा स्वेटर बाहेर आला तो घरमालकिणीच्या कुत्र्याला बरोबर बसला. तिने तो वापरलाही.

वेस्ट हायलँड वेला मात्र ट्वीड नेऊ नकोस. मिलगायहून (लिहितात मिलनगेव्ही, आता तुला माहीत असेलच) फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर, सात-आठ दिवस, आणि रॅनक मूरच्या उघड्या माळावर आडोशाला झाड नाही. पहिल्या दिवशी ट्वीड भिजलं की सातव्या दिवसापर्यंत तू ते ओलंच वागवत राहशील. एप्रिल आहे म्हणून गाफील राहू नकोस. वाट साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शेवटी उत्साहाच्या भरात बेन नेव्हिस चढायचं ठरवलंत तर ते १३४५ मीटर आहे. खाली दहा अंश असले तर वर एक-दोन उरतील, वारा वेगळा. तिथे आत मेरिनो, त्यावर पातळ लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर धुऊन-लेपून जिवंत केलेलं तुझंच जॅकेट. चढाला लागायच्या आधी एक थर काढायचा. निघताना जराशी थंडी वाजली पाहिजे, नाही वाजली तर तू जास्त घातलंयस. मुक्कामाला शक्य तिथे वाळवणीची खोली असलेली हॉस्टेलं निवड. हायलँडमधल्या बऱ्याच हॉस्टेलांत ती असते. आत गेलं की भिजलेल्या मोज्यांचा भपकारा येतो, पण सकाळी बूट कोरडे मिळतात.

आता घोंगडी.

नको शिवूस. भावनेपोटी म्हणत नाही, कापडाच्या दृष्टीने म्हणते. ट्वीड कापता येतं, कारण ते मळलेलं असतं, धागे एकमेकांना धरून बसलेले असतात. घोंगडीला ती मळणी नसते. धनगरांनी कातरलेली दख्खनी मेंढीची लोकर पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि सणगराने ती मागावर विणायची. खळीने सूत ताठ होतं, पण धागे मोकळेच राहतात. कात्री लागली की कडेने उसवत जाईल. शिंपी कडांना पट्ट्या लावेल, आत अस्तर टाकेल, आणि होईल काय, तर एक जड, खांद्यावर ओढणारं, मानेला ओरबाडणारं जॅकेट, ज्याच्या प्रत्येक शिवणीतून पाणी आत येईल. आजोबांच्या घोंगडीत शिवण नव्हती, हाच तिचा मोठा गुण होता. टोक दुमडून खोळ केली (तुमच्याकडे घोंचीही म्हणत असतील) की डोक्यावर आणि खांद्यांवर कापडाची दुप्पट घडी येते, जिथे पाऊस सर्वांत जास्त लागतो नेमकं तिथे. खाली सगळं मोकळं, वाफ कोंडत नाही. वाकून गवत कापलं तरी पाणी पाठीवरून ओघळून मागे पडतं. जॅकेट केलंस की हे सगळं कापून टाकलंस.

आणि आजोबांना सर्दी का झाली नाही, तेही सांगते. पाटणला श्रावणात बाहेर बावीस-तेवीस अंश असतात. ओलं राहणं त्रासाचं असतं, जिवावरचं नसतं. तीच घोंगडी, तोच पाऊस आणि चार अंश असते, तर आजोबाही आडोसा शोधत आले असते. शिवाय रोज संध्याकाळी घोंगडी चुलीच्या वर दांडीवर पडत होती ना? आठवून बघ. रात्रभर धूर आणि धग लागायची, सकाळी कोरडी आणि धुराच्या वासाची घोंगडी पुन्हा खांद्यावर. तुझ्या फ्लॅटमध्ये चूल नाही.

तेव्हा ती जशी आहे तशी आण. सामानात दोन-अडीच किलो जातील, जाऊ देत. हिवाळ्यात पायांवर घे, पाहुणे आले तर खाली अंथर, तंबूत झोपायच्या गादीखाली घाल. जमिनीचा गारवा आणि ओल अडवायला तिच्याइतकं खरखरीत, दमदार काही मिळणार नाही. एखाद्या भुरभुरत्या सकाळी खोळ घेऊन नदीकाठी चक्कर मारून ये, बघणाऱ्यांना काय बघायचं ते बघू दे. ट्वीडवाल्या सहकाऱ्यांना नक्की दाखव, त्यांना तिच्यात रस वाटेल, आणि खोळ कशी करायची ते आईला व्हिडिओ कॉलवर विचारून ठेव, कारण ते मला इथून शब्दांत सांगता येणार नाही. मी तीनदा लिहून खोडलं.

फक्त पेटीतून थेट कपाटात ठेवू नकोस. इतकी वर्षं पडून आहे, कसर असणारच. आधी फ्रीजर, दोन आठवडे, नवीन जॅकेटच्या आधी तिची पाळी. मावत नसेल तर मटारांची पाकिटं काढ.

– मावशी